न जेवता उठलेली पंगत

ऑकलंडमधल्या ओटाहुहुच्या स्टेशनवरून चालत आलं की एक बेकरी लागे. तिथे सकाळच्या पाळीला भट्टीतून पाव काढणाऱ्या नीलांबरीला कुणी विचारलं, की बाई तुम्ही काय करता, तर ती बेकरीचं नावसुद्धा घेत नसे. मी खो-खो शिकवते, असं सांगून मोकळी होई. विचारणारा पुण्या-मुंबईकडचा असला तर गालातल्या गालात हसे. न्यूझीलंडला येऊन माणसानं कोडिंग करावं, पूल बांधावेत, गेला बाजार टॅक्सी चालवावी. खो-खो काय शिकवायचा? त्या हसण्याचा नीलांबरीला राग येई आणि तो ती लपवतही नसे.

ती मूळची मिरजेची. वडील, रवींद्र मास्तर, नगरपालिकेच्या शाळेत पी.टी. शिकवायचे. त्यांच्या हाताखाली ती खो-खोत जिल्ह्यापर्यंत आणि मग राज्याच्या संघापर्यंत गेली. पुढं गुडघा दुखावला, खेळ सुटला आणि घरात बसलेल्या पोरीचं काय करायचं याची चर्चा नातेवाइकांत सुरू झाली. त्या सुमारास गावोगावी परदेशी शिक्षणाच्या एजंटांनी दुकानं थाटली होती, आणि ज्यांना हॉस्पिटॅलिटी हा शब्द धड म्हणता येत नव्हता तेही हॉस्पिटॅलिटीचा डिप्लोमा करायला विमानात बसत होते. नीलांबरी २०११ साली त्यांच्यातच ऑकलंडला येऊन पोचली. डिप्लोमा झाला. तिच्यासारख्याच शिकायला आलेल्या नाशिकच्या यतीनशी लग्न झालं, वल्लरी झाली. यतीनला फ्रिज-एसी दुरुस्तीचं काम मिळालं आणि हिला बेकरी.

वल्लरी तान्ही असताना नीलांबरीचे दिवस फार वाईट गेले. घरात करमेना, बाहेर ओळखीचं कुणी दिसेना. दुपारी बाबागाडी ढकलत ती पार्कात जाई आणि बाकावर बसून राही. रडू आलं तरी पुसायचे कष्ट घेत नसे, कारण बघायला होतं कोण. समोर एक थोराड बांध्याची, पांढऱ्या केसांची माओरी बाई मुलींना टच शिकवत असे. टच म्हणजे रग्बीची मवाळ बहीण. बॉल घेऊन पळायचं आणि अंगाला हात लागला की थांबायचं. एक लहानखुरी मुलगी रोज पकडली जाई. झुकांडी द्यायची वेळ आली की ती नेमकी थांबायची. पाचव्या-सहाव्या दिवशी नीलांबरीला ते बघवेना. ती बाकावरून उठली, चपला काढल्या आणि त्या मुलीला खांदा एकीकडं टाकून दुसरीकडं कसं निसटायचं ते करून दाखवलं. गुडघा कळवळला, पण दाखवलं.

पांढऱ्या केसांच्या बाईनं शिट्टी वाजवून सगळ्यांना थांबवलं आणि हे कुठं शिकलीस असं विचारलं. ती मेरेआना. सगळा पार्क तिला फाएआ म्हणायचा. माओरीत फाएआ म्हणजे मावशीही आणि आईही, ज्याला जे हवं ते. तरुणपणी ती मांसाच्या कारखान्यात कामाला होती. कारखाना बंद पडला, मुलं-मुली रस्त्यावर उनाडायला लागली, तेव्हा तिनं पार्काच्या कडेला दोन जुने कंटेनर आणून टाकले, वर पत्रा घातला आणि त्याला क्लब असं नाव दिलं. तेव्हापासून जर्सी धुण्यापासून भांडणं सोडवण्यापर्यंत क्लबचं सगळं तीच बघत होती. तिला कधी कुणी पगार दिला नाही आणि तिनंही कधी मागितला नाही.

नीलांबरीनं मुलींना ओळीत उकिडवं बसवलं, एकीचं तोंड इकडं, दुसरीचं तिकडं, आणि खो द्यायला शिकवलं. टोंगन, सामोअन, माओरी मुली. आधी खिदळल्या, मग वेड्यासारख्या पळाल्या. अंधार पडला तरी घरी जाईनात. मेरेआना हात कमरेवर ठेवून बघत राहिली आणि म्हणाली, की पुढच्या शनिवारी परत ये. नीलांबरीला घरी जाताना पार्कापासूनचा रस्ता कधी संपला ते कळलं नाही. त्या दिवशी तिनं यतीनला पहिल्यांदा गरम पोळ्या करून वाढल्या, आणि तो बिचारा घाबरून काय झालं म्हणून विचारत राहिला.

खो-खोला दोन खांब लागतात. जमिनीत गाडलेले, पक्के, मुलगी भरधाव येऊन धडकली तरी न हलणारे. सगळं घोडं तिथंच अडत होतं. सरकारी पार्कात खांब गाडू देत नाहीत, शाळा आपल्या हिरवळीला हात लावू देत नाहीत. नीलांबरीनं वर्षभर दारं ठोठावली होती आणि सगळीकडून गोड शब्दांत नकार घेऊन आली होती. मेरेआनानं क्लबच्या वाट्याच्या जागेतला पूर्वेकडचा कोपरा दाखवला, भाच्याला सांगून लाकडाचे दोन खांब तासून घेतले आणि स्वतः उभं राहून गाडले. क्लबच्या काही लोकांनी कुरकुर केली. रग्बी लीग खेळणाऱ्या पोरांच्या बापांना तो कोपरा हवा होता. मेरेआना म्हणाली, मी आहे तोवर तो कोपरा नीलाच्या पोरींचा. वाद तिथंच संपला.

मी आहे तोवर, हे शब्द नीलांबरीच्या कानावर तेव्हा नुसते पडले होते.

२०१४ साली रवींद्र मास्तर गेले. नीलांबरीचा पासपोर्ट व्हिसाच्या कागदांबरोबर अडकला होता, तिला जाता आलं नाही. भावानं फोन धरून ठेवला आणि तिनं बापाचा अंत्यविधी तळहाताएवढ्या पडद्यावर पाहिला. मधेच रेंज गेली. तेराव्या दिवसापर्यंत ती इथं नेमानं पाव भाजत राहिली आणि बापासाठी आपण काहीच रीतीनं केलं नाही, हा काटा तिच्या मनात रुतून बसला. मेरेआनानं तिला तिच्या बापाचं नाव विचारून घेतलं. पुढं मुलींनी एखादा डाव चांगला काढला की ती आभाळाकडं बघून मोठ्यानं सांगायची, रवींद्र, बघ रे तुझ्या पोरीचं काम. नीलांबरीला दर वेळी भडभडून यायचं.

हळूहळू मराठी पोरीही यायला लागल्या. हिल्सबरोहून सुशील आणि संपदा आपल्या मुलीला, ईशाला, गाडीत घालून आणत. सुशील तिथल्या मराठी मंडळाचा अध्यक्ष, आयटीतला, आणि माईक दिसला की हातात घेतल्याशिवाय न राहवणारा. खो-खोवरून गालात हसणाऱ्यांत तो पहिला होता. मुलगी खेळायला लागल्यावर मात्र आपली परंपरा, आपली माती अशी भाषणं देऊ लागला. तरी एक काम त्यानं चांगलं केलं. २०१६ च्या गणपतीत मंडळानं मेरेआनाचा सत्कार केला. शाल, श्रीफळ, कुंकू, सगळं यथासांग. ईशा आणि तिच्या मैत्रिणींनी औक्षण केलं. मेरेआनानं ती जरीकाठाची शाल अंगावर घेतली ती काढलीच नाही. पुढं दर शनिवारी ट्रॅकपँटवर ती शाल पांघरून ती मैदानाच्या कडेला बसे. जांडल्स, म्हणजे रबरी चपला, घातलेले पाय पुढं पसरलेले, वर जरीची शाल. नारळाचा मात्र तिच्या नातवांनी फुटबॉल करून टाकला.

मूत्रपिंडं कामातून गेली तेव्हाही ती खुर्ची आणवून कोपऱ्यात बसत असे. डायलिसिसच्या दिवशी तिची मुलगी हुइआ क्लब उघडे. हुइआ बस चालवायची, बोलायला तुटक, आणि नीलांबरीशी तर जास्तच. आपल्या आईनं आयुष्यातले सगळे शनिवार दुसऱ्यांच्या लेकरांना वाटून टाकले, हे तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं असे. एकदोनदा मेरेआनानं तिला ओढत नीलांबरीच्या घरी जेवायला आणलं. वरण-भात, बटाट्याची भाजी. हुइआ जेवली, थँक्यू म्हणाली आणि गाडीत जाऊन बसली.

२०१८ च्या हिवाळ्यात मेरेआना गेली.

बातमी कळली तेव्हा नीलांबरी बेकरीत होती. तिनं ट्रे खाली ठेवला आणि मागच्या गल्लीत जाऊन रडली. आणि खरं सांगायचं, तर रडता रडताच तिच्या मनात कोपरा येऊन गेला. आता खांब कोण ठेवणार. तिनं त्या विचाराला शिव्या दिल्या, पण तो गेला नाही. फाएआ गेली होती आणि फाएआबरोबर तिचा शब्दही. येत्या गुरुवारी क्लबची बैठक होती, आईच्या जागी अध्यक्ष म्हणून हुइआ बसणार होती, आणि लीगवाले बाप आता गप्प बसणार नव्हते. कोपरा गेला तर दुसरी जागा नाही, आणि जागा नाही तर मुली आठवडाभरात पांगतील. नीलांबरीला पुन्हा तो बाक दिसायला लागला.

माओरी लोक आपलं माणूस गेलं की त्याला मराएवर आणतात. मराए म्हणजे कुळाचं सभागृह आणि त्यापुढचं अंगण. तिथं उघड्या पेटीत देह ठेवतात, घरच्या बायका काळे कपडे घालून त्याच्याशेजारी जमिनीवर बसतात, आणि दोन-तीन दिवस त्याला क्षणभरही एकटं सोडत नाहीत. लोक गटागटानं येतात, गेलेल्याशी तोंडावर बोलतात, रडतात, रागावतातसुद्धा. याला तांगी म्हणतात. दुसऱ्या दिवशी नीलांबरी मराठी मंडळींना घेऊन गेली. दहा-पंधरा जण होते, पांढऱ्या कपड्यांत. काळ्या कपड्यांच्या त्या गर्दीत ते फार उठून दिसत होते.

आतून एका बाईनं लांब सुरात हाक घातली आणि ही मंडळी तिच्यामागून हळूहळू आत गेली. पेटीवर पिसांचं मानाचं वस्त्र होतं, आणि त्याच्याशेजारी, मेरेआनाच्या छातीपर्यंत ओढलेली, मंडळाची जरीकाठाची शाल. नीलांबरीचा पाय तिथंच अडखळला. एवढ्या मोठ्या कुळाच्या मानाच्या वस्तूंत आपली दुकानातून आणलेली शाल. उशाशी हुइआ बसली होती, डोळे सुजलेले. सुशीलनं उभं राहून मंडळाच्या पूर्ण नावासकट भाषण केलं. भाषणानंतर गाणं म्हणायची तिथं रीत असते. कुणीतरी शाळेतली प्रार्थना सुरू केली, निम्मी म्हटली, निम्मी विसरली. मग रांगेनं प्रत्येकाच्या नाकाला नाक टेकवून श्वास वाटून घेतला. हुइआनं नीलांबरीच्या कपाळाला कपाळ टेकवून ते बराच वेळ तसंच ठेवलं. नीलांबरीला वाटलं, सगळं नीट होईल.

तेवढ्यात जेवणघराकडून घंटा वाजली आणि एक म्हातारा हसतमुखानं सगळ्यांना तिकडं बोलावू लागला. संपदानं नीलांबरीकडं पाहिलं. सुशील तर दोन पावलं निघालाही होता, वास छान येतोय गं, म्हणून. नीलांबरीनं त्याचा हात धरला. तिच्या अंगावर काटा आला होता. तिथं दहा पावलांवर फाएआ पडून होती, तिच्या लेकीचे डोळे वाळले नव्हते, आणि आपण जाऊन ताटावर बसायचं? बापाच्या वेळी तिला काही करता आलं नव्हतं. या वेळी तरी सगळं रीतीनं झालं पाहिजे होतं.

“कुणीही काही तोंडात घालायचं नाही,” ती दबक्या आवाजात म्हणाली. “देह अजून समोर आहे. येतो असंही म्हणायचं नाही. नुसता नमस्कार करा आणि मागे न बघता निघा.”

तिच्या आवाजात असं काही होतं, की अध्यक्षसुद्धा मुकाट गाडीकडं गेले. सगळी मंडळी फाटकातून एकापाठोपाठ एक बाहेर पडली. म्हातारा जेवणघराच्या दारात हात पुढं करून उभाच होता. घरी येऊन नीलांबरीनं डोक्यावरून अंघोळ केली, वल्लरीला घातली. चूल पेटवली नाही. दक्षिणेकडं वात करून दिवा लावला. वल्लरीनं, “आई, why no dinner?” असं विचारलं तेव्हा तिला पावाचा तुकडा हातात देऊन, आपली आजी गेलीय, असं सांगितलं. चार वर्षांत पहिल्यांदा नीलांबरीच्या मनातला तो काटा जरा सैल झाला. आपण एका माणसाला मुलीच्या नात्यानं निरोप दिला, या समाधानात ती उपाशीपोटी झोपी गेली.

दफनाला तिला जाता आलं नाही, बेकरीनं सुट्टी दिली नाही. सोमवारी सेइनी आली. सेइनी टोंगाची, तिची मुलगी नीलांबरीच्या संघातली सगळ्यात वेगवान. नेहमी पाव घेताना दहा मिनिटं बोलणारी सेइनी त्या दिवशी पैसे टेकवून निघाली. नीलांबरी काउंटर सोडून तिच्यामागं गेली. सेइनीला सांगायचं जिवावर आलं होतं. शेवटी ती म्हणाली, की तुम्ही लोक असे कसे निघून गेलात. तिथं असं नसतं. गेलेल्याजवळ बसून आलेल्या माणसानं घरच्यांच्या हातचं खाल्लं, की मगच त्याच्यावरचं मरणाचं सावट उतरतं आणि तो मोकळा होतो. न खाता जाणं म्हणजे, तुमचं अन्न आम्हाला नको आणि तुमचं दुःखही नको. आणि निरोपसुद्धा न घेता. सगळ्या मराएनं पाहिलं. हुइआनंही पाहिलं.

नीलांबरी तिथं फुटपाथवर उभी राहिली.  जी गोष्ट तिनं आयुष्यात सगळ्यात मनापासून आणि सगळ्यात नेमानं केली होती, तीच त्यांच्या तोंडावर मारलेल्या थपडेसारखी झाली होती. आणि ती तिनं एकटीनं केली नव्हती. खायला निघालेल्यांना हात धरून मागं ओढलं होतं.

तिनं हुइआला फोन केले. हुइआनं उचलले नाहीत. मग ती हिल्सबरोला गेली. आपण सगळ्यांनी जाऊन माफी मागू, आजच, उद्याच, असं सुशीलला विनवलं. सुशीलचं म्हणणं, की नीलांबरी, एवढं मनाला लावून घेऊ नकोस, मी मंडळातर्फे एक व्यवस्थित ईमेल टाकतो, they'll understand, इथले लोक heaps चांगले आहेत. शिवाय या आठवड्यात त्याचं रिलीज होतं. शिवाय मंडळाच्या हॉलमध्ये मॅट टाकून खेळता येईल का, हे आपण पुढच्या मीटिंगमध्ये बघू. संपदा आतून चहा घेऊन आली. तिनं हळूच विचारलं, की तूच म्हणालीस ना निघा म्हणून?  चहा तसाच ठेवून नीलांबरी निघाली, आणि अर्ध्या वाटेत तिच्या लक्षात आलं की आपण पुन्हा कुणाच्या तरी घरून तोंडात काही न घालता उठलो. तिला स्वतःची किळस आली.

यतीन शहाणा माणूस. त्यानं समजूत घातली नाही. तू एकटी जा, म्हणाला, आणि बैठकीआधी जा.

पण बैठकीआधी तिचं धाडस झालं नाही. मंगळवारी ती हुइआच्या गल्लीच्या तोंडाशी जाऊन परत आली. बुधवारी जेवण करून घेऊन निघाली आणि डबे गाडीतच राहिले. दुःखाच्या घरी आपण माफीचं जेवण घेऊन जावं की तेही उलटंच होईल, तिला आता कशाचाच भरवसा वाटेना. आयुष्यभर ज्या रीतीभाती डोळे मिटून पाळल्या, त्यातली प्रत्येक तिला खड्ड्यासारखी दिसू लागली. गुरुवार आला आणि गेला. शुक्रवारी दुपारी पाळी संपल्यावर पिठाच्या कपड्यांनिशी ती हुइआच्या दारात जाऊन उभी राहिली. हातात काहीच नव्हतं.

हुइआनं दार उघडलं. बघत राहिली. मग बाजूला झाली आणि आत जाऊन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली. नीलांबरी समोर उभी राहिली.

“का आलीस?”

“माफी मागायला.”

“आणि कोपऱ्यासाठी?”

नाही म्हणायचं तिनं ठरवलं होतं. पण त्या सुजलेल्या डोळ्यांपुढं खोटं निघेना. “त्याच्यासाठीही,” ती म्हणाली.

हुइआनं मान हलवली. निदान खरं बोललीस, असं काहीसं पुटपुटली. मग नीलांबरीनं सगळं सांगितलं. मृत्यूच्या घरी आमच्याकडं चूल पेटत नाही, शेजारी पिठलं-भात आणून घरच्यांना भरवतात, आलेलं माणूस पाणीसुद्धा घेत नाही आणि येतो म्हणत नाही, तशा कारणानं त्या दारात पुन्हा कुणाला यावं लागू नये म्हणून. घरी जाऊन मी अंघोळ केली, उपास केला, दिवा लावला. माझ्या वडिलांसाठी करता आलं नव्हतं ते तुझ्या आईसाठी केलं. बोलता बोलता तिचा आवाज फुटला आणि इंग्रजी तुटायला लागलं. 

मग हुइआ बोलू लागली. “आमच्यातही, ज्याचं माणूस गेलंय तो चुलीकडं फिरकत नाही. आम्हाला दुसरे भरवतात. आईपाशी बसून राहणं, एवढंच आमचं काम असतं.” ती टेबलाच्या कडेवर बोट फिरवत होती. “तुम्ही येणार असा निरोप आला. आई दवाखान्यात सारखी सांगायची, माझे इंडियन येतील, त्यांना मांस चालत नाही, त्यांचं वेगळं करा. किचनमध्ये कुणाला ते जमेना. त्यांच्यातली मी एकटीच तुझ्या घरी जेवले होते. मग मी आईजवळून उठले. उठायचं नसतं, तरी उठले. मावश्या माझ्यावर ओरडल्या. मी जाऊन ते पिवळं केलं, आणि बटाटे.”

 निम्मी मंडळी आठवड्यातून चारदा मटण खाणारी होती, हे नीलांबरीला आठवलं, पण हसू आलं नाही. पोर आईच्या उशापासून उठली होती. पुन्हा कधीही न मिळणारा तो वेळ तिनं वरण ढवळण्यात घालवला होता. आणि आपण फाटकातून मागे न बघता गेलो होतो.

“घंटा झाली तशी तुम्हाला वाढायला मी परत किचनमध्ये गेले. खिडकीतून बघत होते,” हुइआ म्हणाली. “हातात चमचा तसाच.”

नीलांबरीनं तोंड उघडलं, पण सॉरी हा शब्द एवढा हलका झाला होता की तो तिला उच्चारवेना. तिनं फक्त विचारलं, “ते टाकून दिलं?”

“आम्ही अन्न टाकत नाही.”

हुइआ उठली, गराजमधल्या मोठ्या फ्रीझरमधून आइसक्रीमचा एक जुना डबा घेऊन आली. मायक्रोवेव्ह फिरत राहिला. दोघी त्याच्याकडं बघत राहिल्या. मग तिनं ताटलीत वरण-बटाटे ओतले, कडेला भात, आणि ताटली टेबलावर ठेवली. बस, असंही म्हणाली नाही. नीलांबरी बसली. चमचा बाजूला सारून तिनं हातानं कालवलं. दफनाला पुरता आठवडाही लोटला नव्हता, भिंतीवर फाएआचा फोटो अजून कापडानं झाकलेला होता, आणि लहानपणापासूनचं सगळं अंग तिला नको नको म्हणत होतं. तिनं पहिला घास घेतला. हळद कच्ची राहिली होती, मीठ जवळजवळ नव्हतंच.

“काल बैठक झाली,” हुइआ म्हणाली. “कोपरा लीगच्या पोरांना दिला. मीही हात वर केला. उद्या सकाळी खांब काढतील.”

घास नीलांबरीच्या तोंडात तसाच राहिला. शनिवार गेला. सेइनीची पोर गेली, ईशा गेली, ओळीत उकिडव्या बसणाऱ्या सगळ्या गेल्या. फाएआनं आभाळाकडं बघून तिच्या बापाला जिथून हाका मारल्या ती जागा गेली. आता या घरात मागण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि उठून गेली असती तरी तिला कुणी बोल लावला नसता. हुइआ तिच्याकडं टक लावून बघत होती, ती आता काय करते ते. नीलांबरीनं तोंडातला घास गिळला. दुसरा घेतला. मग तिसरा. डोळ्यांतलं पाणी ताटलीत पडत होतं, ते तिनं पुसलं नाही. बोटांनी निपटून तिनं ताटली स्वच्छ केली.

“आणखी आहे?” तिनं विचारलं.

“आहे,” हुइआ म्हणाली. “तुम्हा सगळ्यांचं केलं होतं.”

“मग आण.”

 हुइआ उठली, गराजमध्ये गेली, आणि येताना दुसरा डबा आणि दोन ताटल्या घेऊन आली.